लुगड्यावरची टपटप

ऐंशीनंतरची काही वर्षं मी वेंगुर्ल्याकडे एका शाळेवर मास्तर होतो. माझ्या बिऱ्हाडामागच्या सुरंगीच्या झाडावर शेजारणीचा नवरा पहाटे कळ्या काढायला चढायचा आणि ती खाली जुनी लुगडी पसरून बसायची. कळ्या उमलायच्या आत काढाव्या लागत. वाळल्या की सावंतवाडीचा व्यापारी अत्तरासाठी न्यायचा.

ती कधीच वर बघायची नाही. मान खाली घालून कळ्यांतली पानं निवडायची, पण कान लुगड्यावरच्या टपटपीकडे. टपटप जरा थांबली की तिचे हातही थांबत.

एकदा मी त्याला चहाला हाक मारणार, तोच तिने हात आडवा धरला.

"गुरुजी, झाडार चढलेल्याक हाक मारू नये. तो खाली बघता."

सुरंगीची फांदी हिरवीगार दिसते आणि न सांगता मोडते. एका सकाळी वर काडकन आवाज झाला आणि टपटप थांबली. ओठांवर आलेलं त्याचं नाव मी कसंबसं गिळलं. ती वर न बघता, रोजच्याच आवाजात म्हणाली, "पेज निवता हां."

बऱ्याच वेळाने पानांतून उत्तर आलं, "येतंय गो."

तेव्हा तिने मूठ उघडली. आतल्या कळ्यांचा चुरा झाला होता आणि घमघमाट सुटला होता.

आजही लग्नात कुणी मनगटावर सुरंगीचं अत्तर लावलं, की मी वर बघत नाही. मान खाली घालतो आणि टपटप चालू आहे ना, ते ऐकतो.