मावशीचा निरोप समारंभ उत्साहात संपन्न

आमच्या बातम्यांच्या वेबसाइटवर कार्यक्रमाची बातमी कार्यक्रमाच्या आधीच लिहायची पद्धत आहे. हार, शाल, दीपप्रज्वलन, मार्गदर्शन, आभार. जिल्ह्यात कुठेही जा, याहून वेगळं काही घडत नाही. मावशीच्या निरोप समारंभाची बातमीही मी आदल्या दिवशीच लिहिली, ती आपोआप झळकावी म्हणून समारंभाच्या संध्याकाळची वेळ लावली आणि नागभीडच्या ऑफिसात पंख्याखाली निवांत बसले.

मावशी भामरागडच्या पलीकडे, नाल्याकाठच्या एका गावात नर्स होती. सगळी नोकरी तिथेच काढली. निवृत्तीला तालुक्याच्या आरोग्य कार्यालयाने गावातच मांडव घातला होता, मोठे साहेब येणार होते, आणि आमच्या वेबसाइटचे संपादक प्रमुख पाहुणे होते. प्रमुख पाहुणे व्हायला ते कधीच नाही म्हणत नाहीत.

समारंभाच्या दुपारी मावशीचा फोन आला.

"अवं, नाला भरला. कोणीच नाई आलं. मांडव बी वाहून गेला. साहेब म्हणून राह्यले, पाणी उतरलं का मंग कार्यक्रम करू. तू थे बातमी थांबव, नाईतं झाला म्हणतीन."

हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं! आमच्या वेबसाइटवर बातमी कोणीही लिहावी, वेळही लावावी. पण एकदा वेळ लागली की तिला हात फक्त संपादकांनी लावायचा. पूर्वी कुणीतरी ऐनवेळी एका पुढाऱ्याचा फोटो काढून दुसऱ्याचा टाकला होता, तेव्हापासूनचं हे कुलूप. मी बातमी उघडली. वाचता येत होती. एक स्वल्पविराम काढून पाहिला, तर समोर आलं, ‘आपणास हा मजकूर बदलण्याची परवानगी नाही.’ माझाच मजकूर, आणि मलाच परवानगी नाही! डोकंच फिरलं.

संपादकांचा फोन लागेना. घरी विचारलं तर त्यांच्या बाई म्हणाल्या, "थे तं रस्त्यातच अडकून राह्यले. आता तिथं रेंज नाई." म्हणजे संपादकांनी समारंभात मार्गदर्शन केलं, ही बातमी थांबवायला संपादक हवे होते, आणि समारंभाला पोचू न शकल्यामुळेच ते सापडत नव्हते. शेवटी नागपूरहून आमची वेबसाइट सांभाळणाऱ्या माणसाला फोन केला.

"संपादकांनी सांगितलं तर काढतो, मॅडम."

"ते भेटत नाहीत."

"आहेत कुठे?"

"बातमीप्रमाणे मंचावर आहेत."

"मग मंचावरून एक फोन करायला लावा ना," तो अगदी मनापासून म्हणाला.

ठरल्या वेळी बातमी झळकली. मावशीचा जुन्या प्रशिक्षणातला पुष्पगुच्छ घेतलेला फोटो, आणि खाली ‘उपस्थितांचे डोळे पाणावले’. पाणी आलं होतं हे खरं, पण नाल्याला.

पाणी उतरल्यावर मावशी कार्यालयात गेली. तिथल्या बाबूने तिला मोबाइल दाखवला. "बाई, तुमचा कार्यक्रम तं झाला. हे पाहा ना, साहेबांचं भाषण बी झालं." साहेबांनीही बातमी वाचली होती आणि त्यांना आपलं भाषण आवडलं होतं. दुसऱ्यांदा निरोप देता येत नाही, असं ठरलं. आणून ठेवलेली शाल तेवढी बाबूने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. इकडे संपादक परतले, तर त्यांच्यापुढे मी दुरुस्तीची विनवणी केली. "दुरुस्ती केली तर मी गैरहजर दिसेन," ते म्हणाले, आणि कुलूप काढायला साफ नकार दिला. मला त्यांचा इतका राग आला की चहासुद्धा घेतला नाही.

मावशी नागभीडला आमच्याकडे आली, तेव्हा मी तोंड लपवत होते. तिने मात्र चष्मा लावून सगळी बातमी वाचायला घेतली. साहेबांचं वाचून हसली, संपादकांचं वाचून आणखी हसली.

"अन् मी काय बोलली वं?"

"शेवटी आहे बघ. ‘सत्काराला उत्तर देताना त्यांनी सर्वांचे आभार मानले.’"

तिचं हसू थांबलं.

"मी आभार नसते मानले," ती म्हणाली. "नोकरीभर गर्भार बाया डोंग्यात बसवून नाल्यापार केल्या. दोघीयनं तं डोंग्यातच जीव सोडला. मी साहेबाले इचारणार होती, का या नाल्यावर पूल काऊन नाई. पाठ करून ठेवलं होतं."

तिने फोन माझ्या हातात दिला.

"एरवी कोणी आयकत नाई पोरी. त्या दिवशी हार घालाले आले असते, तं त्यायले बसून आयकाच लागलं असतं."