तांदळातलं नाव

दर्यापुरात वाहेदभाईच्या नेट कॅफेवर पाटी होती: 'हरवलेली माणसं शोधून मिळतील.' शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. ती पाटी वाचून मी हसायचो, पण माणूस जिद्दीचा. त्या वर्षांत शेतीनं हात टेकले आणि माणसं पोटासाठी चहूकडे पांगली. मतदार यादीच्या साइटवर नाव, वय, जिल्हा टाकून वाहेदभाईनं कुणाचा भाऊ, कुणाचा नवरा हुडकून दिला. "यादीतून कोनी सुटत नाही," असं छाती फुगवून सांगायचा.

गोदाबाईची शकुन मात्र तीन वर्षं सापडली नाही. पोरगी गजेंद्र नावाच्या ट्रकवाल्याबरोबर पळून गेलेली. आडनाव, गाव काहीच ठाऊक नाही. घरी नवऱ्यानं, रामरावानं, तिचं नाव काढायला बंदी केली होती. म्हणून ही माउली बाजाराच्या दिवशी चोरून यायची. वाहेदभाई 'शकुन' टाकायचा, पतीच्या जागी 'गजेंद्र'.

"नाही सापडून राहिली, मावशी."

ती मूठभर शेंगा टेबलावर ठेवून निघून जायची.

चौथ्या वर्षी मी त्याला पुतण्याच्या लग्नाला नेलं. नवरदेवानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नाव लिहिलं.

"हे कोनाचं नाव?"

"नवरीचं. आजपासून हेच."

वाहेदभाईचा चेहराच उतरला. त्यांच्या निकाहात बाईचं नाव बदलत नाही, म्हणून शकुनचंही बदललं असेल हे त्याला सुचलं नाही. पण मी? मीही तीन वर्षं शेजारीच बसलो होतो. स्वतःचीच चीड आली.

पुढच्या बाजाराला त्यानं विचारलं, "मावशी, नाव बदलते हे काहून नाही सांगतलं?"

"मले वाटलं, मशीनले माहीत असन."

शकुनला आवडणारी सगळी नावं तिनं सांगितली. एकही लागलं नाही. ती गेल्यावर वाहेदभाईनं मला विचारलं, "मावशीचं नाव काय रे?" तीन वर्षं तो नुसतं मावशीच म्हणत होता. मी सांगितलं. त्यानं टाकलं.

गोदा. पती गजेंद्र. वय चोवीस. अकोट. आणि नावावर आडवा शिक्का: 'वगळले'.

तो तसाच एसटीनं अकोटला गेला. शेजारणीनं सांगितलं, गेल्या साली बाळंतपणात गेली, लेकरूही गेलं. लग्नात गजेंद्रनं विचारलं होतं, काय नाव ठेवू? म्हणाली, माह्या मायचं ठेव.

वाहेदभाईनं पाटी काढून टाकली. बाजाराच्या दिवशी गोदाबाईला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शोधाची पहिली दोन वर्षं पोरगी जिवंत होती, दीड तासाच्या वाटेवर. तो कीबोर्डवर डोकं टेकून रडायला लागला.

गोदाबाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रडू नको, बापा. तू इचारलं नाही, अन् म्या सांगतलं नाही."

मग म्हणाली, "घरी मले कोनी नावानं हाक मारत नाही. तिले नावानं हाक मारत होते का?"

"रोज हाक मारत होते, मावशी."

"मंग रोज तिले मी आठवत असन," असं म्हणाली आणि तिथंच बसून तिनं हंबरडा फोडला.