राखलेलं गवत

बिरूची मेंढरं गेल्या वर्षी मीच कोंडवाड्यात घातली. माळावर गवत वाढावं म्हणून गावानं चराईबंदी केली होती आणि समितीचा अध्यक्ष मी होतो. बिरू दर दिवाळीनंतर कळप घेऊन यायचा, आमच्याच शेतात खतासाठी मेंढरं बसवायचा. बंदीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. कोंडवाड्यात त्याचं एक कोकरू मेलं.

माळ उजाड होता तेव्हा आम्ही टँकरपाशी एकमेकांची डोकी फोडत होतो. मग चर खणले, पाणी मुरलं, गवत कमरेला लागलं. भांडायची खोड मात्र जिरली नाही; तिला एक वाटसरू सापडला, इतकंच. आणि पाहुण्यांना मी छाती फुगवून सांगतो, ‘आता गावात शांतता आहे!’ थू असल्या शांततेवर.

आज सकाळी माळावर गेलो, तर गवत उभ्या उभ्या वाळत होतं. कापायला कुणाला सवड नाही. राखायला सगळे तयार. तारेच्या कुंपणापलीकडे, खडीच्या रस्त्यावर, बिरूची मेंढरं माना आत घालून हुंगत होती.

“काय अध्यक्ष, यंदा कोंडवाडा झाडून ठेवलाय न्हवं?” बिरू हसून म्हणाला.

मी फाटक उघडलं. मेंढरं आत घुसली. बिरू मात्र बाहेरच थांबला.

“आन् समितीला काय सांगशीला?”

“चुकलो म्हणून सांगेन. पण आधी तुला सांगतो, बिरूदादा. माझं चुकलं.”