हेळव्याच्या वहीतली चूक

घराण्याची वंशावळ शोधायला दोन वेबसाइटांपैकी कुठली घ्यावी, ते मी सोलापूरच्या घरी लॅपटॉपवर बघत बसलो होतो. एकीवर आमच्या पाच पिढ्या सापडल्या. आणखी मागं जायचं तर वर्गणी. ती भरायलाच निघालो होतो, तेवढ्यात दारात हेळवी आला. घरोघरच्या वंशावळी वहीत लिहिणारा आणि दर तीन-चार वर्षांनी येऊन त्या खड्या आवाजात म्हणून दाखवणारा हा माणूस. खांद्यावर घोंगडं, काखेत कापडात बांधलेली वही. उघडण्याआधी ती तो कपाळाला लावतो.

आज मात्र आत येताच त्यानं आधी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट टेकवलं.

“मालक, ही चूक माज्या बापाची हाय. तुमच्या पणजाच्या धाकट्या भावाला त्यानं दोनदा लिवलंय. आमी म्हनताना एकदाच म्हनतो. हितं दोनदाच हाय की!”

मग आठवून म्हणाला, “मागल्या साली एकजण वहीचे फोटू काढून गेला. पुस्तक करतो म्हनला.”

माझं डोकंच फिरलं. याचा बाप उन्हातान्हात गावोगाव हिंडला, आणि या चोरांनी त्याची चूकसुद्धा सोडली नाही! वर तेच मला विकतात! वर्गणी गेली खड्ड्यात, म्हणत मी तक्रारीचा फॉर्म उघडला. पहिलाच रकाना होता: मूळ लेखकाचं नाव.

मी त्याच्याकडे बघितलं. आमच्या सात पिढ्या त्याला तोंडपाठ होत्या. त्याचं किंवा त्याच्या बापाचं नाव आमच्या घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.