डावा कान

चूक माझी होती. कुंभकोणमच्या आमच्या मठात एकादशीच्या भजनात मी डावीकडे बसलेल्या शेजाऱ्यावर सर्वांदेखत ओरडलो, "टाळ वाजवता, की नुसते धरून बसता?" तो उठला आणि माझ्या उजवीकडे येऊन बसला. मला वाटले, रुसला.

तो दवाखान्यात कंपाउंडर. रोग्यांशी तमिळ भराभर बोलतो, घरी मराठी मात्र सावकाश, प्रत्येक वाक्याआधी खांद्यावरचा पंचा झटकून.

दुसऱ्या दिवशी मी ओसरीवर काडीने डावा कान कोरत होतो. शेजारच्या घरातून येऊन त्याने पंचा झटकला. "काडी टाका, अण्णा. मळ आणखी आत जाईल. कान दुखतो? वाहतो?"

"नाही. नुसता दडा बसलाय."

"मग आडवे व्हा."

मनगटावर तपासून त्याने कोमट तिळतेलाचे तीन थेंब कानात सोडले. "रोज असेच. बाहेर येईल तेवढेच फडक्याने पुसा."

चौथ्या दिवशी मळ सुटला, आणि तो जागा बदलून का बसला होता तेही उमगले. माझे बहिरेपण ओळखूनही त्याने चारचौघांत माझी लाज राखली होती.

पुढच्या एकादशीला मी त्याला डावीकडेच बसवले आणि सर्वांदेखत म्हणालो, "तुमचे टाळ वाजत होते. कान माझा बंद होता. मला क्षमा करा."