हात कुणी लावला?

अमीनभाई शिकलगार पंप उघडण्याआधी एकच प्रश्न विचारतात, "हात कुणी लावला?" बुधवार पेठेत एका बोळाच्या तोंडाशी त्यांचं दुकान आहे. चाळीस वर्षं ते पंप दुरुस्त करतात आणि चाळीस वर्षांत या प्रश्नाला खरं उत्तर एकदाही मिळालेलं नाही. हे ते तक्रार म्हणून सांगत नाहीत. आज मंगळवार आहे, अशा सुरात सांगतात.

कुणीच हात लावलेला नसतो. नटाच्या कडा झिजून गोल झालेल्या असतात, सांध्याला दुधाची पिशवी गुंडाळलेली असते, आणि घरमालक म्हणतो, "छे हो, आम्ही जवळसुद्धा गेलो नाही." अमीनभाई मान डोलावतात आणि कामाला लागतात. खोटं बोलणाऱ्याला त्यानं फार अवघडल्यासारखं होतं. हे मी स्वानुभवानं सांगतो. आमच्या गच्चीवरच्या बागेचा पंप पाणी उचलेना, तेव्हा त्याचं बूच मी भाजी चिरायच्या सुरीनं उघडायला गेलो आणि सुरीचं टोक आत मोडलं. अमीनभाईंनी ते चिमट्यानं काढून माझ्यासमोर धरलं. बँकेतून सन्मानानं निवृत्त झालेला मी म्हणालो, "कंपनीतूनच आलं असेल."

"असेल," ते म्हणाले, आणि टोक खिशात टाकलं.

सहासष्ट वर्षांचा हा किडकिडीत माणूस अजून स्कूटरवरून कामाला जातो. खांद्याला रेक्झिनची पिशवी असते. ती त्यांच्या बायकोनं, अख्तरबानूंनी, शिवलेली आहे आणि तिच्यात प्रत्येक हत्याराला वेगळा कप्पा आहे. शेवटच्या कप्प्यात चिंध्या. नवऱ्याचे जुने शर्ट अख्तरबानू फाडून देतात, तेही सारख्या मापात. अमीनभाईंना एकाच पंपाकडे एकाच तक्रारीसाठी दोनदा जावं लागत नाही, असं बाजारात सगळे म्हणतात. ते स्वतः कधी म्हणत नाहीत, पण दुसरं कुणी म्हणालं तर ऐकून घेतात.

म्हणूनच मी त्यांना लोणी काळभोरला पाठवलं. तिथे माझा कॉलेजातला मित्र जयसिंगराव राहतो. हायवेलगतची जमीन विकून झाल्यावर त्याच्याकडे घर उरलं आणि घरामागे चार गुंठे, त्यात एक विहीर. त्या चार गुंठ्यांत सून शेफालीनं दोडकी, कारली, वांगी लावली आणि रोपारोपाशी ठिबकच्या नळ्या नेल्या. कॉलेजात शिकवून आली की ती तडक तिथेच जायची. जयसिंगरावाला त्या जागी सिमेंटचे ब्लॉक बसवून गाड्या लावायच्या होत्या. मंडईत भाजी मिळत न्हाय का, असं तो रोज एकदा विचारायचा. तेवढ्यात पंप बंद पडला, आणि त्यानं जाहीर करून टाकलं की पंप चालला तर बाग, नाहीतर ब्लॉक.

अमीनभाई गेले. पाइपाच्या विहिरीतल्या टोकाला, पाणी परत खाली सांडू न देणारी झडप असते. ती गाळानं अडकली होती. त्यांनी पाइप सोडवून वर ओढला, झडप साफ केली, चहा घेतला, पाइप जोडला आणि पंप चालू करून दिला. शेफालीनं मला भिजलेल्या वाफ्यांचा फोटो पाठवला. मी तो उगाचच चार जणांना दाखवला.

पाचव्या दिवशी जयसिंगरावाचा फोन आला, की तुझ्या माणसानं नीट केलेला पंप पुन्हा बंद हाय आणि ब्लॉकवाला उद्या माप घ्यायला येतोय. त्यातलं 'तुझ्या' मला नीट ऐकू आलं. मी दुकानात जाऊन सांगितलं. अमीनभाईंनी हातातला पाना पुसला, कप्प्यात ठेवला आणि स्कूटर काढली. जामीन राहिल्यासारखा मी मागे बसलो.

विहिरीपाशी जयसिंगराव आणि शेफाली दोघंही उभी होती. पंप घुमत होता, पण नळ्यांतून पाणी येत नव्हतं. पंपात पाणी भरायच्या बुचावर पकडीचे ताजे ओरखडे होते. अमीनभाईंनी प्रश्न विचारला.

"मी लावला, काका," शेफाली म्हणाली. "पाणी बारीक झालं म्हणून बूच उघडून पंपात पाणी भरलं. व्हिडिओ बघून. नंतर बूच नीट बसलं नसेल कदाचित."

अमीनभाई तिच्याकडे बघतच राहिले. चाळीस वर्षांत पहिलं खरं उत्तर, आणि तेही सासऱ्यासमोर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जयसिंगराव म्हणाला, "झालं. हिनंच बिघडवला. आता ब्लॉकच." आणि ब्लॉकवाल्याला फोन लावत तो घराच्या बाजूला गेला. शेफाली खाली बसून एका सुकलेल्या रोपाची नळी सरळ करू लागली.

अमीनभाईंनी बटण बंद करून पंप उघडला. आत, पाणी खेचणाऱ्या पंख्याच्या तोंडाशी, ओला बोळा अडकला होता. त्यांनी तो ओढून पिळला. निळ्या चौकटीच्या शर्टाची चिंधी होती. पिशवीच्या शेवटच्या कप्प्यातून त्याच निळ्या चौकटीच्या दोन चिंध्या डोकावत होत्या. मी कप्प्याकडे पाहिलं. मी पाहिलेलं त्यांनीही पाहिलं.

दुसऱ्या कुणाचंच लक्ष नव्हतं. पंप बुचातून हवा धरत होता एवढं म्हटलं असतं तर काम भागलं असतं. त्या पोरीनं कबुली आधीच देऊन ठेवली होती. मी असतो तर चिंधी खिशात घातली असती. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण घातली असती.

"जयसिंगराव, फोन ठेवा," अमीनभाई म्हणाले. तो जवळ आल्यावर त्यांनी चिंधी तळहातावर पसरून दाखवली. "हात मी लावला. त्या दिवशी पाइप सोडवला तेव्हा पंपाकडच्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून ही कोंबली. चहा आला. काढायची राहिली. ती हळूहळू आत ओढली गेली. ताईंनी काहीही बिघडवलेलं नाही."

जयसिंगरावानं चिंधी बोटानं उलटून पाहिली. मग त्यानं विचारलं, आता चालंल का. चालेल, अमीनभाई म्हणाले. त्यांनी पंप पुन्हा जोडला, पाणी भरलं, बूच बसवलं आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं पहिल्या वाफ्यातल्या नळीनं थेंब सोडला, मग दुसऱ्या. जयसिंगरावानं शेवटच्या वाफ्यापर्यंत चालत जाऊन खात्री केली, आणि येता येता पुन्हा फोन लावला. "उद्या येऊ नको. न्हाय, परवा बी नको."

शेफालीनं डोळे पुसले आणि चहाचं विचारलं.

"आधी चिंध्या मोजतो," अमीनभाई म्हणाले. त्यांनी मोजल्या, आणि मगच चहा घेतला.

परतताना मी मागे बसलो होतो. मला त्यांचा फार अभिमान वाटत होता आणि त्यामुळेच स्वतःची लाजही. हडपसरच्या सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मी त्यांच्या कानाशी म्हणालो, "अमीनभाई, ती सुरी आमचीच होती."

"माहीत आहे," ते समोर बघत म्हणाले. "टोक दुकानात ठेवलंय. सवडीनं घेऊन जा."