अकरा नंबरची कापलेली कड

माझं दुकान धुळ्यात आहे, 'दिपमाला फ्रेम वर्क्स'. दिपमाला हे माझ्या बायकोचं नाव. दुकान तिच्या वडिलांच्या पैशातून निघालं, त्यामुळे पाटीवर कौतिक हे स्वतःचं नाव लावायची माझी छाती झाली नाही. तीस वर्षं मी देव, पुढारी आणि वारलेले लोक काचेत बसवतोय. तिघांना पट्टी एकच लागते, फक्त वारलेल्यांचे पैसे वेळेवर मिळतात. अशा माणसाला कला कळत असेल असा निंबा सरांचा समज कशावरून झाला, ते मला आजही ठाऊक नाही.

निंबा सर नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. हायस्कुलात एकतीस वर्षं त्यांनी ड्रॉइंग शिकवलं, म्हणजे आपला तास गणिताच्या सरांना पोर्शन पुरा करायला दिला, दर निवडणुकीला बूथवर बसले आणि शाळेच्या भिंतीवर 'स्वच्छता' हा शब्द दर वर्षी नव्या रंगात लिहिला. रिटायर झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, नाहीतर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभी राहतात. सरांनी शिवणीच्या लाकडाची एक फळी घेतली आणि ती कोरायला बसले. चार महिने तीच एक फळी. गल्लीतल्या बायकांना वाटलं, सर पोळपाट करताहेत आणि त्यांना तो जमत नाहीये.

फळीवर झुंबरअक्का होती. अक्का सरांच्याच गल्लीतली, पंच्याहत्तरी ओलांडलेली. खापरावरचे मांडे करायला आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि लग्नकार्यात तिला गावोगावहून बोलावणं यायचं. पुरण भरलेला उंडा हातांवर झुलवत झुलवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या तापल्या खापरावर अलगद सोडायचा, हे काम ती कुणाशी तरी भांडता भांडता करायची. सरांनी तिला तशीच कोरली. दोन्ही हातांवर मांडा, मान वर आणि तोंड उघडं.

कोरलेल्या फळीला, म्हणजे ठशाला, शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि कागदाची पाठ वरण वाढायच्या डावाने घासायची, ही सरांची छपाई. एका प्रतीला दोन तास लागायचे. त्यात उजवा खांदा कामातून गेला. या कामाचं यंत्र मिळतं, चाक फिरवलं की प्रत बाहेर. त्या यंत्राचा फोटो सरांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता, जिथे बाकीचे लोक देवाचा लावतात. त्याची किंमत ते मला दर महिन्याला सांगायचे, जशी काही मी ती कमी करणार होतो.

पंचवीस प्रती काढून सर थांबले.

"कागद सरना का?" मी विचारलं.

"कागद आजून शे. पन पंचवीसच."

प्रत्येक प्रतीखाली पेन्सिलीने नंबर आणि सही. सोबत हाताने लिहिलेला एक कागद: 'या चित्राच्या एकूण पंचवीस प्रती. पंचविसावी विकली गेली की ठसा बाद करीन. सव्विसावी निघणार नाही. भाव सर्वांना एकच, अडीच हजार. त्यात विकणाऱ्याचे वीस टक्के, झुंबरअक्काचे दहा टक्के.' विकणारा म्हणजे मी. माझी दलाली गिऱ्हाइकाच्या हातात अशी लेखी द्यायची, इतका उघडेपणा मी तीस वर्षांच्या धंद्यात पाहिला नव्हता. दिपमाला म्हणाली, चला, एका माणसाला तरी तुमचा खरा हिशेब माहीत आहे.

गिऱ्हाइकं यायची आणि विचारायची, यातलं ओरिजनल कोणतं? मी सांगायचो, पंचवीसही ओरिजनल. मग झेरॉक्स कोणती, म्हणायची, ती द्या, स्वस्तातली. तरी प्रती जात राहिल्या. एस.टी.चा कंडक्टर समाधान याने तीन हप्त्यांत एक घेतली. पहूरची नर्स मंदाबाई माहेरी आली होती, तिने घेतली. जळगावला दोन गेल्या. एक नंबरची प्रत सरांनी अक्काला दिली, ती तिने घरात देवांच्या रांगेत लावली आणि अधूनमधून तिलाही हळदकुंकू व्हायला लागलं. घेणारे सगळे असेच, साधे. त्यांच्या घरात पहिल्यांदाच अशी एक वस्तू आली होती की जी शेजाऱ्याला बाजारातून आणता येत नव्हती.

ज्ञानचंद शेठ आले तेव्हा थोड्याच प्रती उरल्या होत्या. निम्मं धुळं लग्नाचं कापड त्यांच्याकडून नेतं. नात विधी हिचं लग्न ठरलेलं, ती पुण्याला डिझाइन शिकलेली, आणि हे चित्र तिने कुणाच्या तरी मोबाइलवर पाहून हट्ट धरलेला. शेठनी सवयीने आधी डझनाचा भाव विचारला. डझन नाही म्हटल्यावर नंबर बघितले.

"अकरा द्या. शकुनाला वरचा एक लागतो," ते म्हणाले. "आणि फ्रेम करूनच पाठवा."

आता माझं कर्तृत्व. माझ्याकडे बारा बाय अठराची फ्रेम तयार पडून होती, एका मयताची, ज्याच्या मुलांनी ऐनवेळी मोठी साइज घेतली. चित्राचा कागद तिच्यापेक्षा दोन बोटं मोठा. मी खालची पांढरी कड कटरने उडवली. नंबर, सही, सगळं त्या कडेवर. ते मला माहीत नव्हतं असं नाही; वीसेक प्रती मी स्वतःच विकल्या होत्या. पण कटर हातात आला की माझं डोकं दुकानाबाहेर जाऊन बसतं. तीस वर्षं मी लोकांच्या आजोबांचे पाय कापतोय, स्टुडिओचे शिक्के कापतोय, एकदा तर नवरीशेजारची करवली कापली. कुणी तक्रार केली नाही, त्यामुळे मी त्याला कौशल्य समजत होतो.

तिसऱ्या दिवशी शेठ फ्रेम घेऊन परत आले. विधीने चित्र बघितल्या बघितल्या विचारलं होतं, दादाजी, नंबर कुठे गेला?

"कौतिकभाऊ, मी चित्र नाही घेतलं, अकरा नंबर घेतला होता," शेठ म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागलं. मी आत जाऊन कचऱ्याची पिशवी उपसायला लागलो. दिपमाला म्हणाली की सगळ्या कडा कालच अंघोळीच्या बंबात गेल्या.

माझं तोंड बघून शेठना दया आली असावी. "सरांना सांगा, अकरा नंबर पुन्हा काढा," ते म्हणाले. "ठसा तर आहेच. आणि काढताच आहात तर विधीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला एकशे एक काढा. पूर्ण भाव देतो, घासाघीस नाही. फ्रेमा तुमच्या."

एकशे एक फ्रेमा. कड कापली ती चूक होती हे मी तिथल्या तिथे विसरलो. मोटारसायकल काढली आणि थेट सरांचं गाव गाठलं. वाटेत हिशेब केला, एकशे एक प्रतींत सरांचं यंत्र येत होतं, वर खांद्याच्या डॉक्टरचा खर्चही निघत होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. कड कापल्याचं सांगितलं तेव्हा नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले.

"सर, कोणले कळी?" मी म्हटलं. "ठसा तुमना, हात तुमना."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. ठसा बाद करणं म्हणजे कोरलेल्या चित्रावर आडवा खोल ओरखडा मारायचा, म्हणजे पुन्हा कुणी छापू शकत नाही. सरांनी ते लिहून दिलं होतं, पण केलं नव्हतं. पंचवीस नंबरची प्रत मुद्दाम विकत नव्हते, कारण ती विकली की ओरखडा मारावा लागणार. आणि फळीवर मधोमध अक्काचं तोंड. जिवंत माणसाच्या तोंडावर पटाशी कशी चालवायची, तेही रोज समोरून जाणाऱ्या माणसाच्या, हे त्यांना सुचत नव्हतं. त्या भिडेपायी ठसा धडधाकट राहिला होता आणि आता त्याला एकशे एकचं गिऱ्हाईक आलं होतं.

सरांनी कपाट उघडलं. यंत्राच्या फोटोकडे बराच वेळ बघितलं. उजवा हात वर करून दाराला धरायला गेले, तो खांद्यापर्यंतच पोचला.

"दोन दिन दे माले," म्हणाले.

नाही म्हणाले नव्हते. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला अजून लाज वाटते.

दोन दिवसांनी मी गेलो तेव्हा सर फळी आणि पटाशी जुन्या उपरण्यात गुंडाळून ओट्यावर तयार बसले होते. म्हणाले, चाल अक्काकडे, तोंड तिचं आहे, तिला विचारू. मला हे फार आवडलं. अक्काला दहा टक्के मिळणार होते, आणि दहा टक्क्यांना कुणी नाही म्हणाल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं.

अक्का खाटेवर बसली होती. मीच सुरुवात केली. शेठ, लग्न, एकशे एक प्रती, सगळं सांगितलं. "अक्का, तुले घरबसल्या पंचवीस हजार भेटतीन," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. "निंबा, तू लिखी दिन्हं व्हतं ना, पंचवीसच म्हनीसन?"

"दिन्हं व्हतं."

"तो समाधान कंडक्टर माले मोटारमा पुढे बसाडस, नी बठ्ठासले सांगस, हाई बाई मना घर शे, पंचवीसमातली एक. आते त्याले काय सांगू मी? एकशे सव्वीसमातली?"

सर खाली बघत होते. मी फ्रेमांचा विचार करत होतो.

"मंग काबर नही करत बाद?" तिने विचारलं.

"तुनं तोंड शे तठे, अक्का. मना हात नही चालत."

अक्काने दोन्ही हात पुढे केले. मग म्हणाली, "आन इकडे."

दोन वर्षांपासून अक्काची बोटं वळून गेली होती. मांडे बंद. आखाजीला आता लोक मांडे विकत आणतात आणि तिच्याकडे नेऊन वर चव कशी आहे ते विचारतात. तिने फळी मांडीवर घेतली, पटाशी बोटांत धरता येईना म्हणून मुठीत धरली. फळीवरून तळवा फिरवत स्वतःला चाचपलं. तोंड सोडलं, गळा सोडला. मग एका हाताच्या कोपरापासून दुसऱ्या हाताच्या कोपरापर्यंत तिने ओरखडा ओढला. पहिल्यांदा पटाशी घसरली. दुसऱ्यांदा लाकूड निघालं. तिसऱ्यांदा चर खोल गेला.

"हात तर गयातच मना," ती म्हणाली. "त्या काढी टाक्यात. तोंड ऱ्हाऊ दे, ते आजून चालस."

सर रडले. मीही रडलो, पण माझ्या रडण्यात एकशे एक फ्रेमाही होत्या, हे कबूल करायला हवं.

पुढचं सरांनी फार सरळ केलं. पंचवीस नंबरची प्रत त्यांनी शेठना दिली आणि कापलेली परत घेतली. पंचविसाव्या प्रतीचे पैसे माझ्याकडून घेतले, चूक माझी होती म्हणून, आणि त्यातले वीस टक्के माझे मला परत मोजून दिले, विकणारा मीच होतो म्हणून. शिक्षेवर दलाली मिळालेला धुळे जिल्ह्यात मीच पहिला असेन. शेठ कुरकुरले की पंचवीस शकुनाचा नाही. विधी म्हणाली, दादाजी, ही शेवटची आहे, यानंतर ठसा फुटला. शेवटचा नग म्हणजे काय हे कापडवाल्याला कळतं, त्यांनी प्रत दोन्ही हातांनी घेतली. लग्नात पाहुण्यांना स्टीलचे डबे दिले, एकशे एक.

कापलेली प्रत सरांनी स्वतःच्या खोलीत लावली. मी म्हटलं, सर, नंबर नाही तर नाही, सही तरी करा.

"मीच कोरेल शे. माले सही कसाले?" ते म्हणाले. दुसरी फळी पुढे घेऊन बसले होते, हातात तोच डाव.

ठसा बाद झाला की बाद ठशाचं एक चित्र काढून ठेवायचं, पुरावा म्हणून, अशी या कामातली रीत आहे. दुखऱ्या खांद्याने दोन तास घासून सरांनी ते काढलं आणि मला दिलं. "दुकानमा लाव," म्हणाले. "नी कड कापू नको." मी मापाची नवी फ्रेम केली, चारी कडा आत घेतल्या. गल्ल्यामागे ते टांगलं आहे. गिऱ्हाइकं बघतात आणि म्हणतात, माल डॅमेज आहे, कमी करून द्या. मी सांगतो की विकायचं नाही, तेव्हा त्यांना वाटतं मी भाव वाढवतोय. ज्ञानचंद शेठ दोनदा येऊन अडीच हजाराच्या चौपट सांगून गेले.

गेल्या आखाजीच्या आधी समाधानने अक्काला एस.टी.तून धुळ्याला आणलं. ती काठी टेकून गल्ल्यासमोर उभी राहिली. तिच्या चित्रातल्या दोन्ही हातांवरून पांढरी रेघ गेलेली, आणि वर मांडा तसाच ताणलेला. बराच वेळ बघत होती. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.

"हात कापाई गयात," ती म्हणाली, "पन मांडा काही पडना नही."

मग तिने फ्रेमला किती लागले ते विचारलं, मी सांगितलं, आणि ती म्हणाली की फार घेतोस.